फणीचा दोरा

शिक्रापूरला नगर रस्त्याच्या कडेला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेटं, खिडक्यांच्या ग्रिली, शेडचे खांब, भाड्याच्या खोल्यांना लागणारे लोखंडी जिने, टाकीचे स्टँड, असली कामं. आम्ही मूळचे शिरूरचे, जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीचे. घरात आजोबांपासून सगळे मिस्त्री. आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, वडिलांनी ट्रकच्या बॉड्या बांधल्या, मी पाबळला वेल्डिंग शिकलो आणि शिक्रापुरात दुकान टाकलं, कारण कंपन्या आणि खोल्या दोन्ही इथंच वाढत होत्या.

कामाला कधी तोटा नव्हता. पण एकच गेट मी किती वेळा बनवलं असेल याचा हिशेब नाही. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो पाठवतं, डिट्टो असंच पाहिजे म्हणतं, मी डिट्टो तसंच देतो. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटतही नव्हतं.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यातल्या एका दुपारी एक म्हातारा एसटीतून उतरला आणि ट्रकच्या रांगेतून वाट काढत दुकानात आला. डोक्याला पांढरा फेटा, काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेली लांबट वस्तू. आधी माठातलं पाणी प्याला, मग म्हणाला, "मिस्तरी, लोखंडाची फणी करून द्याल का?"

मला हसू आलं. म्हटलं, "आबा, केसाला लोखंडाची फणी कशाला?"

तोही हसला. धोतर सोडून त्याने ती वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. दोन हात लांबीची, दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या कंगव्यासारखी. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, आणि मधे बांबूच्या पातळ कामट्यांचे शेकडो दात. कितीतरी दात मोडलेले. पट्टीला वाळवी लागलेली. आणि प्रत्येक दोन दातांच्या मधून काळा, तेलकट दोरा गुंडाळत नेलेला.

"मागाची फणी हाय ही," आबा म्हणाले. "एकेका फटीतनं उभा धागा जातो. आडवा धागा टाकला की फणी आपल्याकडं वढायची, म्हंजी तो घट बसतो. ही मोडली आन् माग मुका झाला."

आबा सणगर. वडगाव रासाईवरून भीमा ओलांडली की पलीकडे दौंड तालुक्यात त्यांचं गाव. ऐंशीच्या घरातलं वय. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणल्या जातात. धनगरवाड्यांवरून लोकर यायची, सूत बायका कातायच्या, विणायचं काम पुरुषांचं. आमच्याकडे घोंगडी कुणी परकी समजत नाही. पाहुणा आला की तीच अंथरतात, थंडीत तीच पांघरतात, आणि देवाचं काही असलं तरी आधी तीच खाली पडते. पण विणणारा हात मी तोवर पाहिला नव्हता.

"नवी नाही मिळत?"

"सांगोल्याकडं इचारलं, सोलापूरकडं इचारलं. आमच्या मापाची फणी बांधनारं मानूस आता ऱ्हायलं न्हाई. म्हनून म्हनलं, लोखंडाची हुती का बघावं."

मी फणी हातात घेऊन उजेडाकडे धरली. सगळ्या फटींतून बाहेरचा रस्ता दिसत होता, बारीक बारीक चिरलेला. मी म्हटलं, "पंधरा दिवसांत देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. आधी फणी स्वच्छ करावी म्हणून डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवली. दोरा फुगला, सैल झाला. पट्ट्या सुटू नयेत म्हणून कुणीतरी आवळून बांधलाय असं मी धरून चाललो. ब्लेडने कापला, ओढून काढला आणि भंगाराच्या ड्रममध्ये टाकला. तो ड्रम त्याच आठवड्यात भंगारवाला घेऊन गेला.

मग मी दात मोजले, एकूण लांबी मोजली, भागाकार केला आणि प्रत्येक फटीचं माप काढलं. स्टेनलेसच्या पातळ पत्र्यातून दात कापले आणि एकेक दात पट्टीला वेल्डिंगच्या टाक्याने जोडत गेलो. दुकानात गेटची कामं पडून होती. लोक फोन करत होते. मी म्हणायचो, उद्या या. कितीतरी वर्षांनी मी जेवायचं विसरत होतो. बायको म्हणाली, "एवढं काय बनवताय, विमान?" मी म्हटलं, "कंगवा."

फणी घेऊन मी आबांच्या घरी गेलो. उसाच्या मधून रस्ता, पुढे नदीकाठची काळी जमीन, आणि गावाच्या कडेला पत्र्याचं घर. घराच्या एका खणात जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि समोर माग. आबांची बायको, मी त्यांना मावशी म्हणायला लागलो, एकेक धागा फणीतून ओवायला बसल्या. त्यांना दिसायला कमी येत होतं, पण बोटं दिसण्यावर अवलंबून नव्हती. ओवून व्हायला दुपार झाली.

आबा खड्ड्यात उतरले, आडवा धागा टाकला, फणी ओढली. तीन-चार वेळा ओढताच लोकर पिंजून निघायला लागली. माझ्या दातांना कापलेल्या पत्र्याची बारीक धार राहिली होती. मी फणी परत आणली आणि एकेक दात पॉलिश पेपरने घासला. त्यात आठवडा गेला. पुन्हा घेऊन गेलो. पुन्हा मावशींनी ओवली. या वेळी मधलं विणकाम सुरेख बसलं, पण दोन्ही काठांचे धागे तुटायला लागले. आबांनी गाठ मारली. पुन्हा तुटला. पुन्हा गाठ. फणी मधे पळत होती आणि काठांना अडत होती.

मी वैतागून म्हटलं, "माप तर बरोबर आहे. सगळ्या फटी सारख्या आहेत. व्हर्नियरने तपासल्यात."

मावशींनी काठाकडच्या फटींवरून बोट फिरवलं. मग मधल्या फटींवरून. मग परत काठावर. म्हणाल्या, "सारख्या हायेत म्हनूनच. हितं बोट सैल जायाचं. जुन्या फणीचा दोरा कुठाय?"

"कुठला दोरा?"

"काळा. दाताच्या मधनं व्हता तो."

मी म्हटलं, काढून टाकला. मावशींनी हात फणीवरून काढून घेतला. मग त्यांनी समजावून सांगितलं, जे मला पहिल्या दिवशी फणी नीट पाहूनच समजायला हवं होतं. दोरा आवळायला नव्हता. दोन दातांमधली जागा म्हणजेच तो दोरा. जेवढा जाड दोरा, तेवढी फट. घोंगडीच्या काठाचं काळं सूत जाड असतं, म्हणून काठाला दोरा जाड, मधे बारीक. फणीचं सगळं माप त्या दोऱ्यात होतं आणि मी ते भंगारात दिलं होतं.

मी आबांकडे पाहिलं. ते खड्ड्यात बसल्या बसल्या तुटलेला धागा बोटांनी वळत होते.

"आजाची व्हती ती फणी," ते म्हणाले.

लहानपणी वडिलांच्या वर्कशॉपमध्ये एकदा मी चुकीचा पत्रा कापला होता, तेव्हा खाल्लेली थप्पड मला त्या क्षणी गालावर जाणवली. मी म्हटलं, "आबा, माझ्या हातून मोठी चूक झाली."

आबा खड्ड्यातून वर आले, धोतर झटकलं. "तुमी मुद्दाम केलं का? न्हाई ना. बसा. हिनं चा टाकलाय." आणि चहा पिता पिता, जणू काही वेगळाच विषय काढावा तसं म्हणाले, "जुन्नरच्या पुढं, घाटाच्या वाटंला, फणीवाल्याचं घर व्हतं. माजा बा दर साली तिथं फणी आवळून घ्यायचा. आता कोन हाय, कोन न्हाई, देवाला ठावं. पन बघाया काय हरकत हाय?"

आठ दिवसांनी पहाटे पहाटे मी माझा छोटा हत्ती टेम्पो घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आबा तयार होते. फेटा नवा, काखेत एक घोंगडी. मावशींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. माझी लोखंडी फणी मागे पोत्यात ठेवली.

ती वाट आबांची जुनी वाट होती. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या घरची माणसं दोन घोड्यांवर घोंगड्या लादून निघायची. भीमेवरून तळेगाव ढमढेरे, पाबळ, लोणी, मंचर, नारायणगाव, जुन्नर आणि मग नाणेघाटाने खाली कोकणात. तिथला पाऊस मोठा, म्हणून घोंगडीला मागणीही मोठी. येताना त्याच घोड्यांवर मीठ, तांदूळ आणि सुकी मासळी यायची. आबा लग्नानंतर तीन-चार वर्षं त्या वाटेने गेले. मग ट्रक आले, बाजारात मिलचे स्वस्त ब्लँकेट आले आणि वाट थांबली. त्यानंतर आबा कधी त्या बाजूला गेलेच नव्हते.

शिक्रापूरच्या चौकात आम्ही अर्धा तास अडकलो. कंटेनर, कंपन्यांच्या बस, भाजीचे टेम्पो. आबा खिडकीतून शांतपणे बघत होते. त्यांना एकही इमारत ओळखीची नव्हती. पण चौक सोडून पाबळच्या रस्त्याला लागलो आणि ते ओळखायला लागले. घरं नव्हे, झाडं नव्हे, चढ ओळखायला लागले. "आता हितं चढ लागंल. घोडं हितं दम खायाचं." तेवढ्यात गाडी कुरकुरायची आणि मला गिअर खाली घ्यावा लागायचा. पुन्हा थोडं पुढे गेल्यावर, "आता उतार." आणि उतार यायचा. मी त्या रस्त्यावरून शेकडो वेळा लोखंड वाहिलं होतं, पण रस्त्याला अंग असतं हे मला त्या दिवशी समजलं.

पाबळला चहाला थांबलो. मी त्यांना मी शिकलो ती बाजू दाखवली. आबा म्हणाले, "आमचा पयला मुक्काम हितंच असायचा. तुमची शाळा, आमची धरमशाळा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

लोणीच्या पुढे एका चिंचेखाली भाकरी खाल्ली. जेवण झालं तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. मी गाडीत रुमाल शोधत होतो. आबांनी विचारलं, काय हुडकताय? मी सांगितलं. त्यांनी काखेतली घोंगडी झटकून सावलीत अंथरली. "पढा. मी गाडीजवळ बसतो." नमाज झाल्यावर घोंगडी घडी करून परत द्यायला गेलो तर म्हणाले, "आमच्या संगं तुमच्यातला एक म्हातारा असायचा, बांगड्या इकायचा. जुन्नरपातूर सोबत. त्यो पन आमच्याच घोंगडीवर पढायचा. म्हनायचा, जमीन कशी बी असू दे, ही मऊ लागती."

कळंबजवळ घोड नदी ओलांडताना त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पुलाच्या कठड्याला धरून त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "हितं मी एक घोडं पान्यात घातलं व्हतं."

नवीन लग्न झालेलं, अंगात मस्ती. बापाने सांगितलेली नदी ओलांडायची उताराची जागा सोडून त्यांनी घोडं मधून घातलं. वळवाचा पाऊस वर कुठेतरी झालेला, पाणी वाढलेलं. घोडं वाचलं, पण एका बाजूचं ओझं सुटून पाण्यात गेलं. घोंगड्या वाहत जाऊन झाडांच्या मुळ्यांना अडकल्या. बाप आणि चुलता कमरेएवढ्या पाण्यात उतरून एकेक काढत होते.

"लई बोलले असतील," मी म्हटलं.

"काय न्हाई. बा म्हनला, लोकर हाय, वाळंल. दोन दिस हितल्या खडकावर वाळू घातल्या आन् पुढं गेलो." ते गाडीकडे वळले. "पन मला ते दोन दिस आजून याद हायेत."

मी गाडी सुरू केली. त्यांनी ती गोष्ट मला का सांगितली ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं असावं.

जुन्नर ओलांडून पश्चिमेला निघालो. दोन ठिकाणी चुकीच्या घरी पोचलो. तिसऱ्या वाडीत एका माणसाने सांगितलं, फणीवाला जाऊन जमाना झाला, त्याची मुलगी आहे, नवरा गेल्यावर माहेरच्या जागेत येऊन राहिलीय. घर लहान, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात हिरडा वाळत घातलेला. सत्तरीची एक बारीक चणीची बाई हिरडा वेचत बसली होती. आबांनी अंगणाच्या कडेला उभं राहून सांगितलं, "भीमाकाठचे घोंगडीवाले. माजा बा तुमच्या बापाकडं फणी आवळायला यायचा. दोन घोडी असायची आमची, एक तांबडं, एक कबरं."

तिने मान वर केली. "कबरं चावायचं," ती म्हणाली.

आबा मोठ्याने हसले. बाही वर करून त्यांनी दंडावरचा एक जुना वण दाखवला. तीही हसली, आणि हात पुसत आम्हाला ओसरीवर बसवलं. मी तिला आजी म्हणालो आणि सगळं सांगितलं. डिझेलचा ट्रे, ब्लेड, भंगाराचा ड्रम, काहीही न लपवता. मग माझी लोखंडी फणी तिच्यापुढे ठेवली.

आजींनी ती मांडीवर घेऊन दात तपासले. "दात बरं झालंत. गुळगुळीत हायेत. पन ह्ये असं डकवायचं नसतं बाबा, ह्ये बांधायचं असतं."

"तुम्हाला येतं?"

"दात तासायचं काम बाबांचं. दोरा वळायचा आन् बांधायचा मी. लगीन होईस्तवर तेच केलं. पन त्याला किती वर्सं झाली! आता हात चालंल का, काय ठावं."

मी गाडीतून नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ आणलं. तिने ते हातात घेतलं आणि परत दिलं. "ह्यो निसटतो. सुती पायजे." मी गाडी काढून जुन्नरला गेलो. सुती दोरा, मेण आणि राळ घेऊन आलो. येईपर्यंत आबा आणि आजींनी मिळून अर्धा हिरडा वेचला होता.

दोऱ्याला लावायला तिने मेण आणि राळ चुलीवर पातळ केली. पदर खोचला, उघड्या मांडीवर दोऱ्याचे दोन पदर ठेवले आणि तळहाताने पुढे ढकलत वळले. पहिल्यांदा वळ सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिने तळहात राखेत घासला आणि पुन्हा केलं. या वेळी दोरा सरळ, घट्ट, एकसारखा निघत गेला आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मधी दोन पदरी," ती म्हणाली. "काठाला तीन पदरी. काठाचं सूत जाड असतं, त्याला जागा नको का?"

एवढंच होतं ते. दोन पदरी आणि तीन पदरी. मी खिशातला व्हर्नियर काढला आणि तिने वळलेला दोरा चार-पाच जागी मोजला. काट्याला फरक दिसेना. तिने विचारलं, "ह्ये काय?" मी म्हटलं, "माप बरोबर आहे का बघतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी व्हर्नियर खिशात टाकला आणि त्या दिवशी परत काढला नाही.

माझे जोड तोडून आम्ही दात सोडवले. आजींनी ठेवणीतल्या बांबूच्या दोन पट्ट्या काढून दिल्या, बापाच्या वेळच्या. एक वीतभर तिने बांधून दाखवलं. एक दात, दोऱ्याचा वेढा, चापून बसवायचं, दुसरा दात, पुन्हा वेढा. मग माझ्या हातात दिलं. माझी बोटं जाड, भाजलेली, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी सोललेली. मी बांधलेलं तिने न बोलता सोडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. आबा ओसरीवर आडवे झाले होते, अधूनमधून डोळे उघडून बघायचे आणि मिटायचे. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने माझं एक बोटभर काम तसंच राहू दिलं. बॉयलरच्या वेल्डिंगची परीक्षा पास झालो होतो तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

ती फणी पुरी व्हायला दीड महिना लागला. मी दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी तासभर बसायचो. मधे दोनदा जुन्नरच्या पुढे जाऊन आजींना दाखवून आलो. पहिल्या वेळी तिने अर्धी फणी सोडली. दुसऱ्या वेळी फक्त एका काठाजवळचे सहा दात काढले आणि म्हणाली, "आता जा."

आबांच्या घरी मावशींनी तिसऱ्यांदा फणी ओवली. ओवण्याआधी काठावरून बोट फिरवलं, मधून फिरवलं आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे बरोबर होतं. आबा खड्ड्यात उतरले. पहिला धागा, दुसरा, दहावा, विसावा. काठ तुटला नाही. मी शेजारी पोत्यावर बसलो होतो. फणी आदळण्याचा आवाज मऊ येत होता, लोखंडासारखा नाही. आबांनी वळून पाहिलं नाही की शाबासकी दिली नाही. ते विणतच राहिले, जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत, आणि मावशी मला म्हणाल्या, "बघा, आता ह्ये मानूस घरात आलं."

पावसाळा संपत आला होता तेव्हा मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वाडीतल्या कुणाचा तरी फोन मागून आजी बोलत होत्या. "फणी चालली का?" मी म्हटलं, झकास चाललीय. मग म्हणाल्या, "मला एकदा दाखवशील का? म्या कवा बघितलीच न्हाई."

मला आधी समजलं नाही. फणी तर आजींनीच बांधायला शिकवली होती. मग त्यांनी सांगितलं. घोंगडीवाले फणी घेऊन यायचे, ही बांधून द्यायची, ते घेऊन जायचे. माग असायचा भीमेकाठी, नीरेकाठी, कुठं कुठं. तिच्या वाडीत माग नव्हताच. शेकडो फण्या तिच्या मांडीवरून गेल्या होत्या, पण त्या मागावर बसल्यावर काय करतात ते तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी मी त्यांना घेऊन आलो. गाडीच्या पुढच्या सीटवर बसून त्या सगळा रस्ता विचारत आल्या, हे कुठलं गाव, ते कुठलं. घोंगडीवाले हीच वाट चालत यायचे का, असं पाबळच्या आसपास त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "लई लांब हाय की रं. आन् बाबा त्यांना दोन दिस थांबवून ठिवायचे."

भीमेकाठच्या घरात मावशींनी त्यांच्या पायावर पाणी घातलं. आबा मागावर बसले. आजी खड्ड्याच्या काठाला बसल्या, अगदी जवळ. धागा इकडून तिकडे गेला, फणी पुढे आली, मागे गेली. त्यांची नजर धाग्यावर नव्हती, घोंगडीवर नव्हती, फक्त फणीवर होती. ती येते-जाते तशी त्यांची मान किंचित हलत होती. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "असं व्हय." मावशींनी त्यांना फणी ओढून बघायला सांगितली. त्यांनी दोन्ही हातांनी धरून एकदा ओढली, हलकेच, मग एकदा जोरात. आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

माझ्या फणीवर निघालेली पहिली घोंगडी आबांनी त्यांना दिली. मला दुसरी दिली. पहिली मला मिळायला हवी होती असं माझ्या मनात क्षणभर आलं, खोटं कशाला सांगू. पण परत जाताना आजींनी ती मांडीवर घेतली होती आणि काठाचं काळं सूत बोटांनी चाचपत होत्या. तेव्हा वाटलं, आबांनी बरोबर केलं.

त्यानंतर माझ्याकडे आणखी तीन फण्या आल्या. एक फलटणकडून, दोन सांगोल्याकडून, आबांच्या ओळखीने. दात मी करतो. दोरा मी मांडीवर वळतो, मधे दोन पदरी, काठाला तीन पदरी, आणि बांधून झाल्यावर जुन्नरला नेऊन दाखवतो. आजी अजून चुका काढतात. गेटांची कामं तशीच चालू आहेत, पोट त्यावरच आहे. पण सकाळचा तो एक तास माझा आहे, आणि तो मला आबांनी दिला. त्यांच्या आजोबांची फणी मी मोडली होती. ते मला चार शब्द बोलले असते तर चुकलं नसतं, आणि मीही मग लाजेने ते काम सोडून पुन्हा गेटांकडे वळलो असतो. त्यांनी चहा दिला आणि वाट दाखवली. माझ्या कामातला आनंद मी हरवून बसलो होतो, हे मला तो सापडल्यावरच कळलं.

मागच्या आठवड्यात दौंडला लोखंड आणायला गेलो होतो, तेव्हा येताना आबांकडे डोकावलो. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हिरवा चष्मा लावून बसले होते, अजून महिनाभर मागाला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. खड्ड्यात मावशी बसल्या होत्या आणि विणत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही?" त्या म्हणाल्या, "पन्नास वर्सं बघतिया. येवढं बी येऊ नये का?" आबांनी चष्म्याआडून काठाकडे पाहिलं. "जरा सैल वढती," ते मला हळूच म्हणाले. मावशींनी ऐकलं, आणि फणी अशी काही आदळली की आबा गप्प बसले.